बोट थांबवणारे तीन इंच

बोटीला ब्रेक नसतो. रस्त्यावरच्या गाडीत पाय दाबला की चाक धरलं जातं आणि चाकाला रस्ता धरून ठेवतो. पाण्यावर धरायलाच काही नाही. मुंबईच्या गेटवेहून निघालेली स्पीडबोट वीस-पंचवीस मिनिटांत मांडव्याला पोचते, आणि जेट्टीचे खांब चार हातांवर आले की तिला थांबवायचा एकच उपाय उरतो: प्रोपेलर उलटा फिरवायचा. ड्रायव्हर हाताजवळचा दांडा मागे ओढतो, मागच्या बाजूला पाणी घुसळून पांढरं होतं आणि बोट जागच्या जागी स्थिरावते. तोवर प्रवासी बॅगा उचलून उभेसुद्धा राहिलेले असतात.

दांडा ओढणं आणि पाणी घुसळणं यांच्यामध्ये काय घडतं, ते कुणालाच दिसत नाही. प्रवाशांच्या पायाखालून, कधी बोटीच्या कडेच्या पोकळीतून, करंगळीपेक्षाही बारीक अशी एक काळी केबल मागे इंजिनापर्यंत गेलेली असते. दांडा पूर्ण पुढून पूर्ण मागे नेला, तर तिचं टोक सरकतं साधारण तीन इंच. पुढे जा, मोकळी राहा, मागे ये, हे तिन्ही हुकूम त्या तीन इंचांत मावतात. शिफ्ट केबल म्हणतात ती हीच. रायगडच्या किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामात किती बोटी, किती वेळा धक्क्याला लागतात, आणि दर वेळी भिस्त असते ती या तीन इंचांवर. हे यंत्र मुळापासून समजून घेतलं की त्यात दडलेलं शास्त्र पाहून मन थक्क होतं.

आधी बोटीची रचना पाहू. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या जुन्या लाकडी लाँचचं इंजिन पोटात असतं. त्यातून एक सरळ दांडा तळातून मागे बाहेर पडतो, त्याच्या टोकाला प्रोपेलर आणि त्यामागे सुकाणू. दुसरा प्रकार आउटबोर्डचा: अख्खं इंजिनच मागच्या फळीवर टांगलेलं. स्टर्नड्राइव्ह या दोघांच्या मधला. यात इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या फळीला खेटून बसवलेलं असतं. त्या फळीला भोक पाडून शक्ती बाहेर काढतात आणि बाहेर लटकवलेल्या एका पायात उतरवतात. हा पाय डावीकडे-उजवीकडे वळतो, म्हणून सुकाणू वेगळं लागत नाही. तो वर उचलताही येतो. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, खाड्यांच्या तोंडाशी ओहोटीला चिखल उघडा पडतो. अशा किनाऱ्यावर प्रोपेलर थोडा वर घेता येण्याची किंमत बोटवाल्यांनाच कळते.

ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावरची. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने तिच्यावर काम केलं. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने ती उचलली आणि १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने लोकांपुढे आणली. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, मर्क्युरी कंपनीचा मरक्रूझर आला. आज जगात दिसणारे बहुतेक स्टर्नड्राइव्ह या दोन घराण्यांतले.

बाहेरच्या पायात शक्ती दोनदा काटकोनात वळते. इंजिनाचा आडवा फेर वर एकदा उभ्या दांड्यात उतरतो आणि खाली पुन्हा आडवा होऊन प्रोपेलरकडे जातो. मरक्रूझरच्या अल्फा जातीच्या ड्राइव्हमध्ये खालच्या वळणावरच गिअर आहे, आणि तो फार सुरेख आहे. उभ्या दांड्याच्या तळाशी तिरक्या दातांचं एक छोटं चाक. त्याला पुढून एक आणि मागून एक अशी दोन मोठी चाकं भिडलेली. इंजिन चालू आहे तोवर ही दोन्ही चाकं फिरत राहतात, एक सुलट आणि एक उलट. म्हणजे पुढे जाणं आणि मागे येणं, दोन्ही सदैव तयार असतं. प्रोपेलरचा दांडा या दोन्ही चाकांच्या मधून जातो, पण दोघांपैकी कुणालाही जोडलेला नसतो. त्यावर बसलेली असते एक दातेरी कडी, म्हणजे डॉग क्लच. ती पुढच्या चाकाकडे सरकवली की तिचे दात त्याच्या दातांत बसतात आणि प्रोपेलर सुलटा फिरतो. मागच्या चाकाकडे सरकवली की उलटा. मध्ये ठेवली की न्यूट्रल. कडीचं सरकणं फक्त काही मिलिमीटरचं. इंजिन स्वतः कधीच दिशा बदलत नाही. दिशा बदलते ती त्या लहानशा कडीची जागा, आणि ती जागा ठरवते केबल.

जुन्या लाँचवर हेच काम माणसं करत. सारंग वर चाकाशी उभा, ड्रायव्हर खाली इंजिनापाशी, आणि दोघांमध्ये दोरीने वाजणारी घंटी. धक्का जवळ आला की वरून टोले पडायचे आणि खाली ड्रायव्हर त्यांच्या खुणेप्रमाणे गिअर टाकायचा. सारंगाला इंजिन दिसत नसे, ड्रायव्हरला धक्का दिसत नसे, आणि तरी लाँच अलगद टेकायची. त्या दोन माणसांमधला विश्वास केबलने एकाच हातात आणून ठेवला. म्हणूनच ती साधी तार समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही.

आता खरा प्रश्न. तारेने ओढता येतं, पण ढकलता कसं येतं? तार ढकलली तर वाकते, हे लहान मुलालाही माहीत असतं. बजाज चेतक चालवलेल्यांना आठवेल, गिअर डाव्या मुठीत असायचा आणि मुठीतून खाली दोन केबली जायच्या. एक ओढली की गिअर वर, दुसरी ओढली की खाली. दोन लागत, कारण एकेक केबल फक्त ओढू शकायची. ही केबल बोडनच्या जातीची. अर्नेस्ट बोडन या आयरिश माणसाने तिचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. सायकलीमुळे तिचं श्रेय पुष्कळदा रॅले कंपनीच्या फ्रँक बोडनला दिलं जातं, पण तो वेगळा माणूस. अर्नेस्ट बोडनला उमगलेली गोष्ट अशी: तार एका लवचीक नळीत घातली आणि नळीची दोन्ही टोकं पक्की धरली, तर तार कितीही वळणांतून ओढता येते. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, सगळे त्याचेच वंशज.

बोटीची केबल याच्या एक पाऊल पुढे जाते. तिच्यात एकच गाभा असतो आणि तो ओढताही येतो, ढकलताही येतो. हे कसं साधतं ते समजायला लिओनार्ड ऑयलरकडे जावं लागतं. सडपातळ काठी टोकावर दाबली तर ती किती भाराला वाकेल, याचं गणित त्याने १७४४ मध्ये मांडलं. काठीची लांबी दुप्पट केली की ती चौपट कमी भाराला वाकते. उलट लांबी निम्मी केली की ती चौपट भार पेलते. केबलमधला गाभा वीस फूट लांब असला तरी नळी त्याला कडेकडेने सतत आधार देत असते. त्यामुळे आधाराविना उरलेली त्याची लांबी कुठेच फारशी नसते, आणि वाकायला जागाच न मिळाल्याने तार ढकल सहन करते. फक्त जिथे गाभा नळीबाहेर येतो, तिथे आधार संपतो. म्हणून दोन्ही टोकांना गाभ्यावर स्टेनलेसची ताठ सळई बसवतात आणि ती एका सरकनळीतून पुढे-मागे होते. केबलचं टोक एवढं जाडजूड का, या प्रश्नाचं उत्तर ऑयलरच्या त्या एका सूत्रात आहे.

नळी सोलून पाहिली तर आत थर दिसतात. सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचं कवच. त्याखाली पोलादी तारांचं लांब पिळाचं वेष्टण, जे नळीला लांबीत ताणू किंवा दबू देत नाही. त्याच्या आत गुळगुळीत प्लॅस्टिकचं अस्तर, आणि त्या अस्तरात सरकणारा गाभा. जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘३३ सी’ प्रकारच्या केबलला निर्मात्यांनी घालून दिलेली एक मर्यादा आहे: कुठलंही वळण सुमारे आठ इंच त्रिज्येपेक्षा आवळू नये.

आता वळणांबद्दल. ऑयलरचंच आणखी एक सूत्र इथे लागू पडतं, आणि तेच सूत्र मांडव्याचा खलाशी दिवसातून अनेकदा हाताने सिद्ध करतो. लाँच धक्क्याला लागताना तो दोर खुंट्याभोवती दोन-तीन वेढे घेतो आणि एका हाताने एवढी मोठी लाँच रोखून धरतो. घर्षण वेढ्यांबरोबर नुसतं वाढत नाही, ते गुणाकाराने वाढतं. घर्षणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांनंतर दहा किलोच्या ओढीने अडीच टनांहून जास्त ताण पेलता येतो. दोराला जे वरदान, तोच केबलला शाप. केबलमधला गाभा प्रत्येक वळणाच्या कडेला घासत जातो आणि या घर्षणात त्रिज्येला महत्त्व नसतं. सगळ्या वळणांचे कोन मिळून किती अंश झाले, एवढंच मोजलं जातं. समजा एकूण वळण २७० अंशांचं आहे आणि अस्तर चांगलं, घर्षणांक ०.१५. दांड्याशी लावलेल्या जोरातला साधारण निम्मा मागच्या टोकाला पोचतो. आता आत क्षार आणि गंज शिरून घर्षणांक ०.४ झाला असं धरा. वळण तेच, केबल तीच, पण मागे पोचतो जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. म्हणून जुनी होत चाललेली केबल एकसारख्या गतीने जड होत नाही. बराच काळ ती ठीकच वाटते आणि मग एका हंगामात अचानक ‘धरते’.

आपल्या किनाऱ्यावर ती धरण्याला कारणं भरपूर. समुद्र उबदार, हवा कायम दमट आणि खारी. स्टर्नड्राइव्हमध्ये मुळात दोन शिफ्ट केबली असतात. एक दांड्यापासून इंजिनापर्यंत, सगळी बोटीच्या आत. दुसरी आखूड, इंजिनापासून फळीच्या भोकातून बाहेरच्या पायात उतरणारी, तिला खालची केबल म्हणू. अर्धी कोरड्यात, अर्धी समुद्रात. पाय वळतो, उचलला जातो, तेव्हा ही खालची केबलही त्याच्याबरोबर वाकते. तिला पाण्यापासून वाचवायला रबराचं एक घडीदार मोजं असतं, मेकॅनिक त्याला बेलोज म्हणतात. रबर उन्हाने चिरलं किंवा बार्नेकलच्या धारदार कवचाने कापलं, की समुद्र आत येतो. पोलादी वेष्टण गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वेष्टण फुगतं आणि आतलं अस्तर गाभ्यावर आवळलं जातं. टोकाला ग्रीस चोपडून हे सुटत नाही. आवळलेली केबल दुरुस्त होत नाही, ती बदलावीच लागते. आणि फाटलेल्या बेलोजमधून आलेलं पाणी नुसतं केबलपाशी थांबत नाही. वाट मिळाली तर ते बोटीच्या पोटातही उतरतं.

केबल धरू लागल्याचं पेट्रोल इंजिनावरचं एक लक्षण ऐकून सुरुवातीला चमत्कारिक वाटतं: धक्क्याशी आल्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये घेताक्षणी, इंजिन बंद पडतं. गिअर आणि इंजिन बंद पडणं यांचा संबंध काय? मरक्रूझर अल्फामध्ये तो संबंध मुद्दाम जोडलेला आहे. प्रोपेलर जोरात फिरत असताना डॉग क्लचचे दात एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. भाराखाली ते ओढून सुटत नाहीत. म्हणून इंजिनावरच्या शिफ्टच्या पट्टीवर एक स्प्रिंगचा दांडा आणि एक छोटा स्विच बसवतात. केबलला जास्त जोर लागतोय असं त्या दांड्याला ‘जाणवलं’ की तो किंचित वाकतो, स्विच दाबला जातो आणि इंजिनाची ठिणगी क्षणभर तुटते. इंजिनाचा श्वास अडकतो, दातांवरचा भार उतरतो, कडी सुटते, स्विच परत उघडतो आणि इंजिन पुन्हा चालू लागतं. हे सगळं एका निमिषात होतं आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. इतकी नाजूक युक्ती आहे ही.

पण तो स्विच जोर मोजतो. जोर का लागतोय, हे त्याला कळत नाही. खालची केबल गंजाने आवळली की तिचं घर्षणच त्याला अडकलेल्या दातांसारखं वाटतं. तो ठिणगी तोडतो आणि केबल सुटत नाही म्हणून तोडून धरतो. क्षणभराचा श्वास कायमचा जातो. बोट धक्क्याच्या तोंडाशी, ओढ भरतीची, मागून कॅटमरान येतोय, आणि इंजिन बंद. मालक मग कार्ब्युरेटर उघडतो, प्लग बदलतो, पेट्रोलमध्ये पाणी शोधतो. दोष असतो करंगळीपेक्षा बारीक केबलमध्ये.

तपासायची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक बोटवाल्याला ठाऊक असावी. इंजिन बंद, चावी काढून खिशात. इंजिनापाशी दोन्ही केबली एकमेकींपासून सोडवायच्या. आता दांडा हलवून पाहा: जड लागला तर दोष पुढच्या केबलमध्ये किंवा दांड्याच्या पेटीत. मग खालच्या केबलचं टोक हाताने पुढे-मागे करा, आणि कुणाला तरी त्याच वेळी प्रोपेलर हळूहळू फिरवायला सांगा, म्हणजे दात एकमेकांसमोर येऊन बसतील. तरीही ती अडत असेल तर दोषी हीच. यंत्र उघडण्याआधी त्याचे दोन भाग करून दोष कोणत्या भागात आहे ते ठरवणं, मेकॅनिकच्या सगळ्या हुशारीत मला हे सर्वांत मोठं वाटतं.

पुढची केबल बदलणं त्यातल्या त्यात सोपं. लांबी मोजताना दांड्यापासून इंजिनापर्यंतचा प्रत्यक्ष मार्ग मोजायचा, वळणांसकट. केबल फुटाफुटाने वाढत्या मापांत मिळते. आखूड घेतली तर वळणं आवळली जातात, फार लांब घेतली तर जास्तीचा वेटोळा कुठेतरी कोंबावा लागतो आणि वर सांगितलेलं घर्षण वाढतं. जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला नवी बांधतात, म्हणजे जुनीच नवीला वाट दाखवत आत नेते.

खालची केबल हा मोठा कार्यक्रम असतो. बोट पाण्याबाहेर हवी. बाहेरचा पाय पूर्ण उतरवावा लागतो: अल्फात गिअर फॉरवर्डला ठेवून उचलणारे सिलिंडर सोडायचे, सहा नट काढायचे, पायाला खालून पक्का आधार देऊन तो सरळ मागे ओढायचा. मग दिसतं फळीच्या बाहेरचं घंटेच्या आकाराचं कवच, ज्यात रबराची मोजी आणि केबलचं टोक असतं. केबल या कवचात आटे देऊन बसवलेली असते आणि तो नट अशा कोपऱ्यात असतो की साधा पाना पोचत नाही. त्यासाठी खाच असलेला पोकळ खास सॉकेट लागतो. जुनी केबल काढून नवी बाहेरून आत ओवायची. नटाच्या आट्यांना समुद्री सीलंट लावायचं, बेलोजही नवंच घालायचं आणि त्याची पट्टी घट्ट आवळायची. केबल नवी आणि रबर जुनं, ही काटकसर महागात पडते, कारण पुन्हा तोच पाय उतरवावा लागतो. पाय उघडाच आहे तर मोठ्या बेलोजची, आतल्या सांध्यांची, बेअरिंगचीही तपासणी करून घ्यावी.

आणि मग जुळवणी. या सगळ्या कामात मला सर्वांत देखणा वाटतो तो हा भाग.

अडचण अशी की नवी कोरी केबलसुद्धा थोडी ‘खाते’. गाभा आणि अस्तर यांच्यात किंचित मोकळीक असतेच, नाहीतर तो सरकलाच नसता. ओढलं की गाभा प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेला जाऊन टेकतो, ढकललं की बाहेरच्या कडेला. आतला मार्ग आखूड, बाहेरचा लांब. या दोन मार्गांतला फरक वाया जातो: दांडा हलतो, पण मागचं टोक जागचं हलत नाही. हा फरक किती, तेही सोप्या गुणाकाराने निघतं. मोकळीक अर्धा मिलिमीटर आणि एकूण वळण २७० अंश धरलं, तर सुमारे अडीच मिलिमीटर. झिजून मोकळीक एक मिलिमीटर झाली, तर जवळजवळ पाच. पायातल्या कडीचं सरकणंच काही मिलिमीटरचं असताना हा हिशेब किरकोळ नाही.

मग न्यूट्रल नेमकं कुठे मानायचं? ओढलेल्या अवस्थेत मोजलं तर एक उत्तर येतं, ढकललेल्या अवस्थेत दुसरं. मर्क्युरीच्या पुस्तिकांत यावरचा तोडगा दोन खुणांचा आहे. दांडा न्यूट्रलला ठेवायचा. पुढच्या केबलचं इंजिनाकडचं टोक मोकळं करून बोटाने हलकं आत ढकलायचं आणि सरकनळीच्या कडेशी सळईवर खूण करायची. मग तितक्याच हलक्या हाताने बाहेर ओढायचं आणि दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. तीच मधली खूण म्हणजे खरं न्यूट्रल. केबलची चूक नाहीशी करता येत नाही, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखी वाटून टाकली. यात गेज नाही, मीटर नाही. एक पेन्सिल आणि दोन बोटं पुरतात.

टोक मधल्या खुणेवर धरूनच केबलवरचं पितळी बॅरल आट्यांवर फिरवत त्याचं भोक इंजिनावरच्या खुंटीसमोर आणायचं. ते न ओढता, न दाबता, सहज बसलं पाहिजे. ३३ सी केबलच्या टोकाला इंचाला ३२ आटे असतात, म्हणजे त्यावरचं टोक एक फेरा फिरवलं तर बदल होतो सुमारे ०.८ मिलिमीटरचा. एवढ्या बारकाईने बोटीचं न्यूट्रल हातात धरता येतं. खालच्या केबलचं माप मात्र मॉडेलनुसार ठरलेलं असतं. ते अंदाजाने घेऊ नये, त्या ड्राइव्हच्या पुस्तिकेतूनच घ्यावं. शेवटी चावी काढलेली ठेवून, प्रोपेलर हाताने फिरवत तिन्ही जागा तपासायच्या. न्यूट्रलमध्ये तो दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे, फॉरवर्ड आणि रिव्हर्सला दात पूर्ण बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. जुळवणी अर्धवट राहिली तर दात अर्धेच बसतात, भार पडला की टोकांवरून घसरतात, आणि कडकड आवाज करत कडीच्या धारा गोल होतात. मग केबलच्या पैशांत भागत नाही, अख्खा खालचा गिअर उघडावा लागतो.

सगळे स्टर्नड्राइव्ह असे दात लावूनच चालतात असं मात्र नाही. व्होल्व्हो पेंटाच्या ड्राइव्हमध्ये आणि मरक्रूझरच्या ब्राव्हो जातीत वरच्या वळणावर शंकूच्या आकाराचा क्लच आहे. शंकू दोन वाट्यांपैकी एकीत घट्ट बसतो आणि फिरणं जितकं जोराचं तितकी पकड आणखी आवळते. तिथे ठिणगी तोडणाऱ्या स्विचची गरज पडत नाही. ब्राव्हो वनची एक गंमत तर ऐकण्यासारखी आहे: त्याच्या दोन्ही दिशा सारख्याच ताकदीच्या असल्याने दांड्याच्या पेटीत केबल कोणत्या बाजूला जोडली, यावरून प्रोपेलर सुलटा की उलटा फिरणार ते ठरवता येतं. दोन इंजिनांच्या बोटीत एक प्रोपेलर एका दिशेने, दुसरा विरुद्ध दिशेने फिरवून बोट सरळ ठेवतात, आणि हा मोठा बदल केबलच्या टोकाच्या एका जागेने होतो. नव्या महागड्या बोटींत केबल जाऊन त्या जागी विजेच्या तारा आणि संगणक आले आहेत; दांडा हलवला की संदेश जातो आणि गिअर मोटर टाकते. पण किनाऱ्यावर केबलच्या बोटी अजून पुष्कळ आहेत आणि बरीच वर्षं राहतील.

त्यांच्यासाठी पावसाळ्याची सुट्टी ही खरी संधी आहे. मे अखेरीस गेटवे-मांडवा फेऱ्या थांबतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, लहान बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. याच उभ्या काळात केबल जास्त धरते, कारण ती हलत नाही आणि हवा मात्र खारट ओलाव्याने भरलेली असते. म्हणून बोटवाल्यांना एवढंच सांगणं आहे. बोट वर काढली की बाहेरचा पाय गोड्या पाण्याने धुवा. तो खाली सोडून ठेवा, म्हणजे रबर ताणलेलं राहणार नाही. पंधरवड्यातून एकदा एकाने प्रोपेलर फिरवावा आणि दुसऱ्याने दांडा तिन्ही जागी नेऊन आणावा. बेलोजच्या घड्या बोटाने उघडून चिरा शोधा. केबल जरा जड वाटली, तरी ती ऑगस्टमध्येच बदलून, दोन खुणांमधली तिसरी खूण नीट काढून घ्या. सप्टेंबरला पहिली फेरी निघेल तेव्हा बोटीत माणसं असतील आणि समोर जेट्टीचे खांब.